वाइनची द्राक्षे : वऱ्हाडच्या शेतकऱ्याने त्यातून काय घ्यावे?

वऱ्हाडात ज्वारी दाण्यात भरू लागली आणि हुरड्याचा बेत ठरला म्हणजे कणसे कोणत्या वावरातून आणावयाची, यावर फारशी चर्चा होत नाही. वाणीचा पट्टा कोणी पेरला आहे हे गावाला ठाऊक असते. भाकरीची ज्वारी वेगळी आणि हुरड्याची वेगळी. हुरड्याचा दाणा गोड व रसदार हवा, तो बोंडातून सहज सुटावयास हवा, आणि कणीसही नेमक्या दिवशी खुडले गेले पाहिजे. चार दिवस अगोदर खुडले तर दाण्यात नुसते दूध. चार दिवस उशीर झाला तर साखरेचे पीठ होऊन दाणा राठ. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने केवळ हुरड्यासाठी म्हणून ‘पीकेव्ही अश्विनी’ व ‘पीडीकेव्ही कार्तिकी’ हे वाण दिले. लोकांच्या या जाणकारीला शास्त्राने दिलेला तो मानच होय.

जात, जागा आणि दिवस या तिन्हींवर चव ठरते, हे येथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही. मग तोच शेतकरी संत्र्याच्या बागेत शिरला म्हणजे त्याची जीभ मुकी का होते? बागेत किती फळ आहे, आकार कसा आहे, रंग कधी चढेल, याविषयी तो तासभर बोलेल. फळ गोड किती आणि आंबट किती, या झाडाचे आणि त्या झाडाचे अंतर काय, असे विचारले तर ‘नागपुरी संत्रा, गोडच असणार’ एवढे उत्तर मिळते.

हा प्रश्न आज मुद्दाम काढण्याचे कारण निराळेच आहे. नाशिककडील द्राक्षबागा व त्यांना लागून असलेले वाइनचे कारखाने पाहून आलेला शेतकरी गावी परतला म्हणजे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याला हमखास विचारतो, ‘वाइनची द्राक्षे आपल्याकडे होतील काय?’ प्रश्न प्रामाणिक असतो. कापूस, सोयाबीन आणि संत्रा यांच्या भावांनी गांजलेला माणूस नवे पीक शोधणारच. परंतु त्याला नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देणे म्हणजे जबाबदारी टाळणे होय. वाइनचे द्राक्ष म्हणजे काय, त्याच्या जाती कोणत्या आणि त्यांची चव कशावरून ठरते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. ते समजले म्हणजे असे दिसून येईल की, त्या बागेतून वऱ्हाडात आणण्याजोगी वस्तू वेल ही नसून दुसरीच आहे.

खाण्याचे द्राक्ष आणि वाइनचे द्राक्ष ही एकाच वंशाची भावंडे, पण त्यांचे गुण जवळजवळ उलटे. बाजारातील थॉम्पसन सीडलेस, किंवा त्यातून निवडीने निघालेले तास-ए-गणेश व सोनाका हे वाण पाहावेत. मणी मोठा, साल पातळ, बी नाही, दाताखाली कुरकुरीत. (जाता जाता सांगावयास हवे की, सोनाका हा वाण सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या नानासाहेब काळे या बागायतदाराने स्वतःच्या बागेतील एक वेगळी फांदी हेरून काढला. डोळस शेतकरी काय करू शकतो याचे ते उदाहरण आहे.) मणी आणखी फुगावा म्हणून त्यावर जिबरेलिक आम्लाच्या फवारण्या होतात. वाइनचे द्राक्ष याच्या उलट. मणी करवंदापेक्षाही लहान, साल जाड, आत बिया, घड गच्च. गावच्या बाजारात ते कोणी पुन्हा मागणार नाही. परंतु कारखानदाराला नेमके हेच हवे असते. द्राक्षाचा गर बहुतेक जातींत रंगहीन असतो. रंग असतो सालीत. सुगंधाचा मोठा भाग सालीत आणि तिच्या लगतच्या थरात असतो. पिकलेले जांभूळ खाल्ल्यावर किंवा सुपारी चघळल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, तो तुरटपणा द्राक्षाच्या साली-बियांत असतो. मणी लहान असेल तर रसाच्या मानाने साल अधिक, म्हणजे रंग, गंध आणि तुरटपणाही अधिक. तांबडी वाइन सालीसकट आंबवितात म्हणून ती तांबडी व तुरट. पांढऱ्या वाइनसाठी रस आधी गाळून घेतात म्हणून ती फिकी.

आता जाती. महाराष्ट्रात ज्यांची लागवड विशेष आहे त्यांत पांढऱ्या वाइनसाठी सोव्हिन्यो ब्लाँ व शेनिन ब्लाँ आणि तांबड्या वाइनसाठी कॅबर्ने सोव्हिन्यो व शिराझ ही नावे प्रमुख होत. झिनफंडेलही काही ठिकाणी आहे. ही नावे परकी असली तरी त्यांचे गुण येथल्या स्वयंपाकघरातील वस्तूंवरून सहज ध्यानात येतात.

सोव्हिन्यो ब्लाँच्या रसाला कापलेल्या गवताचा आणि ढोबळ्या मिरचीचा वास येतो असे जाणकार सांगतात. ऐकणाऱ्याला ही शहरी थट्टा वाटेल. ती थट्टा नव्हे. ढोबळ्या मिरचीला जो वास ज्या द्रव्यामुळे येतो, तेच द्रव्य या द्राक्षातही अल्प प्रमाणात असते. घडावर ऊन पडले आणि मणी पिकत गेला की ते कमी होते, आणि मग पिकलेल्या पेरूसारखा गंध पुढे येतो. अर्थात बागायतदाराने घडाभोवतीची पाने केव्हा व किती काढली, यावर वाइन मिरचीची होणार की पेरूची, हे बरेचसे ठरते. पाने काढणे हे मजुरीचे काम. पण ते चव घडविण्याचे काम आहे हे जाणणारा आणि न जाणणारा यांच्या मालात अंतर पडते.

शेनिन ब्लाँ ही फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यातील जात. तिचा विशेष तिचा आंबटपणा. उष्ण प्रदेशात बहुतेक जातींचा आंबटपणा पिकताना लवकर ओसरतो. ही जात तो बऱ्यापैकी धरून ठेवते. सफरचंद आणि पुढे मधाकडे झुकणारी तिची चव सौम्य असते. दुधात साखर विरघळावी तशी ती साखरेच्या गोडीशी जुळते, म्हणून तिच्यापासून कोरडी आणि गोडसर अशी दोन्ही प्रकारची वाइन निघते.

कॅबर्ने सोव्हिन्यो ही जात फ्रान्सच्या बोर्दो भागातील. हे नाव वऱ्हाडातील संत्रा बागायतदाराला नवे नाही. डिंक्या रोगासाठी तो झाडाच्या बुंध्याला जे बोर्डो मलम लावतो, त्याचा जन्म याच मुलखातला. १८८० नंतरच्या दशकात तेथील द्राक्षबागांवर केवडा रोगाने धाड घातली, तेव्हा मोरचूद व चुना यांचे मिश्रण उपयोगी पडते असे दिसून आले आणि १८८५ च्या सुमारास मिलार्दे या शास्त्रज्ञाने ते जगापुढे मांडले. द्राक्षाच्या रोगावरील औषध संत्र्याच्या बुंध्यापर्यंत आले. द्राक्षाच्या चवीची विद्या मात्र अजून आलेली नाही. असो. या कॅबर्नेचा मणी लहान, साल जाड, बी मोठे; वाइन गडद आणि तुरट. तिच्यातही ढोबळ्या मिरचीची किंचित छटा असते. १९९७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी वंशतपासणी करून दाखविले की, ही तांबडी जात कॅबर्ने फ्राँ आणि पांढरी सोव्हिन्यो ब्लाँ यांच्या नैसर्गिक संकरातून जन्मली. म्हणजे मिरचीचा तो वास घराण्याचाच म्हणावयाचा.

शिराझच्या वाइनला मिऱ्यांचा वास येतो. येथेही तीच गोष्ट. २००८ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी त्यामागचे द्रव्य शोधून काढले. काळ्या मिऱ्यात असते तेच ते. त्याच अभ्यासात असे दिसले की सुमारे पाच माणसांपैकी एकाला हा वास मुळी येतच नाही. एका माणसाच्या जिभेवर आणि नाकावर सगळा हवाला ठेवू नये, चार जणांनी चाखावे आणि शिवाय मोजावेही, याचे याहून चांगले कारण सापडणे कठीण. झिनफंडेलची तऱ्हा निराळीच : एकाच घडात काही मणी मनुक्यासारखे सुकू लागतात तेव्हा शेजारचे काही हिरवे असतात. तोडणीचा दिवस ठरविणाऱ्याची ती परीक्षाच घेते.

द्राक्षाला नेहमी वाइनचीच चव असते असे मात्र समजू नये. दक्षिणेत ‘गुलाबी’ या नावाने विकले जाणारे काळे द्राक्ष मस्कत हँबर्ग या जातीचे. गुलाबाच्या फुलात असणारी काही सुगंधी द्रव्ये त्यात असतात, आणि ते नाव कोणा रसिक माळ्याने उगाच ठेवलेले नाही. बेंगलोर ब्लूचा उग्र वास अमेरिकी वंशाच्या वेलीकडून आलेला. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र काम करीत आहे. तेथून निघालेल्या ‘मांजरी मेडिका’ या वाणाचा गरच लाल असून तो मुख्यतः रसासाठी आहे.

जातीनंतर जागा. कच्च्या द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात. त्यांतील एक, हिरव्या सफरचंदातले मॅलिक आम्ल, उष्णतेत झपाट्याने खर्ची पडते. रात्री गरम असल्या तर अधिकच. साखर मात्र उन्हाने वाढतच जाते. परिणामी फार उष्ण जागी असे होते की, साखर पुरी भरली तेव्हा आंबटपणा संपलेला असतो आणि गंध अजून तयार झालेला नसतो. असा रस गोड पण सपक. मीठ विसरलेल्या वरणासारखा. नाशिकचा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने तेथे हिवाळ्याच्या रात्री गार पडतात. शिवाय महाराष्ट्रातील बागायतदाराने एक युक्ती साधली आहे. युरोपातील वेल हिवाळ्यात झोपते आणि तिचे फळ सप्टेंबरच्या सुमारास तयार होते. येथील वेल झोपत नाही, म्हणून तिची छाटणी वर्षातून दोनदा करतात : उन्हाळ्याच्या तोंडी खरड छाटणी, पावसाळा ओसरताना गोडी छाटणी. त्यामुळे फळ पावसात न सापडता हिवाळ्यात वाढते आणि वाइनच्या द्राक्षाची तोडणी जानेवारी ते मार्च या काळात होते. इब्न बतूता हा प्रवासी चौदाव्या शतकात देवगिरी-दौलताबादेस आला असता, तेथे द्राक्षे वर्षातून दोनदा येतात असे त्याने नमूद केले आहे. वेलीचा हा स्वभाव दख्खनने फार पूर्वीच ओळखला होता.

आता वऱ्हाडकडे पाहावे. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर, अमरावती सुमारे ३४० मीटर. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री येथेही चांगल्या गार असतात, हे खरे. परंतु फेब्रुवारी सरता सरता ऊन चढू लागते आणि मार्चमध्ये दुपारचा पारा ३५ अंशांच्या पलीकडे जातो. नेमक्या त्याच दिवसांत घड पिकावयाचा. त्यातच फेब्रुवारी-मार्चची गारपीट. २०१४ सालच्या गारपिटीने विदर्भ-मराठवाड्यातील उभ्या पिकांची आणि बागांची काय दशा केली, ते सांगण्याची गरज नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट. द्राक्षवेलीला क्षार मानवत नाहीत, आणि क्षार सोसणाऱ्या डॉगरिजसारख्या खुंटावर कलम करूनही अडचण थोडी कमी होते, नाहीशी होत नाही. उरलेल्या भागातील खोल काळ्या, चिकण जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबते. चिखलदरा थंड आहे, तेथे कॉफी होते, म्हणून द्राक्षही होईल असे कोणी म्हणतात. पण कॉफीला मानवणारी पावसाळी, ओलसर हवा केवडा आणि भुरी या रोगांनाही मानवते, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. या सर्वांचा अर्थ वऱ्हाडात वेल उगवणारच नाही असा नाही. वेल उगवेल, घडही लागतील. त्या घडात कारखान्याला हवी ती चव दरवर्षी भरेल काय, हा खरा प्रश्न आहे, आणि तो चार-दोन एकरांवरील कर्ज काढून सोडविण्याचा प्रश्न नव्हे. संशोधनक्षेत्रावर अनेक हंगाम पाहून सोडविण्याचा आहे.

चवीइतकीच बाजाराची बाजूही उघड बोलली पाहिजे. खाण्याचे द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसरा घेतो. निर्यात बुडाली तर गावोगाव हातगाडीवर विकले जाते, तेही न जमले तर बेदाणा होतो. वाइनच्या द्राक्षाला कारखान्यावाचून दुसरे दार नाही. लहान, बियांचे, जाड सालीचे हे फळ हातगाडीवर कोण घेणार? नारायणगाव परिसरात १९८० च्या दशकात या धंद्याची सुरुवात झाली. नाशिकला १९९७ च्या सुमारास सोव्हिन्यो व शेनिनच्या वेली लागल्या. २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि विंचूर व पलूस येथे वाइनसाठी औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. काही वर्षे लागवड वाढतच गेली. मग २००८ साली जागतिक मंदी आली, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, पर्यटन आणि हॉटेलांचा धंदा बसला, वाइनचे साठे पडून राहिले. अनेक कारखान्यांनी माल उचलला नाही. घड वेलीवर वाळले आणि पुढे कित्येकांनी त्या बागाच उपटून काढल्या. कारखाना दीडशे किलोमीटरच्या आत नसताना, आणि भाव, साखरेचे अंश, तोडणीचा दिवस ठरविण्याचा अधिकार व माल न उचलल्यास भरपाई या गोष्टी कागदावर लिहून घेतल्या नसताना, वऱ्हाडात कोणी वाइनचे द्राक्ष लावीत असेल तर कार्यकर्त्याने त्याला हात धरून थांबवावे, असेच म्हणावे लागेल.

याशिवाय आणखी एक गोष्ट आहे, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अमरावती जिल्हा ही गाडगेबाबांची व राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भूमी. दारूने उद्ध्वस्त होणारी घरे या दोघांनी डोळ्यांनी पाहिली आणि गावोगाव तिच्याविरुद्ध जीव तोडून सांगितले. अनेक गावांत आजही वाइनच्या बागेची गोष्ट काढली तर घरातील बायामाणसे तोंड फिरवतील, आणि त्यांचे चुकते असे म्हणवत नाही. ज्याला हे पीक नको त्याच्यावर ते लादण्याचा येथे प्रश्नच नाही. द्राक्षाच्या चवीची विद्या मात्र दारूच्या दुकानात अडकून राहावी असे काही नाही. ती कोणत्याही फळाला लागू पडते.

ती विद्या म्हणजे मोजणी. वाइनचा बागायतदार तोडणीच्या अगोदर कित्येक दिवस बागेत फिरतो. एका घडाच्या खांद्याकडचा मणी आधी पिकतो, टोकाकडचा मागून. म्हणून तो अनेक वेलींच्या, अनेक घडांच्या वेगवेगळ्या भागांतून मणी घेतो, रस काढतो, आणि रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या हातभर लांबही नसलेल्या नळीतून त्यातील साखरेचे अंश वाचतो. त्या अंशाला ब्रिक्स म्हणतात. एक ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात सुमारे एक ग्रॅम साखर. पांढऱ्या जाती साधारण २१ ते २३ अंशांवर, तांबड्या २३-२४ वर तोडतात. मग आम्ल मोजतो. मग मणी चाखतो, साल चावतो, बी फोडून पाहतो. बी हिरवे असेल तर थांबतो. हे सारे वहीत उतरवितो. भाव ठरविण्याच्या वेळी कारखान्याच्या माणसासमोर तो ‘माल चांगला आहे’ असे म्हणत नाही, आकडा सांगतो.

वरुड, मोर्शी, अचलपूर, चांदूरबाजार या संत्रापट्ट्यात हा आकडा कोणाजवळ आहे? फळ झाडावर असतानाच बागेचा उक्ता सौदा होतो. व्यापारी बागेतून एक चक्कर मारतो, नजरेने अंदाज करतो आणि एक रक्कम बोलतो. त्या रकमेत गोडीला किती पैसे आणि आकाराला किती, हे शेतकऱ्याला कळत नाही. ज्या गुणाला वेगळा पैसा मिळत नाही तो गुण हळूहळू शेतातून नाहीसा होतो. वऱ्हाडने हे एकदा भोगलेले आहे. या मुलखात ‘बनी’ नावाचा कापूस होता, धागा लांब आणि तलम. त्याच्या शेजारी ‘जरी’ आला. धागा आखूड व जाड, पण रुईचा उतारा अधिक. बाजाराने तलम धाग्याची कदर पुरेशा पैशांत केली नाही. शेतकऱ्याने हिशेब केला आणि बनी सोडली. अमरावतीच्या नावावरून लिव्हरपूलच्या बाजारात जे ‘ऊमरा’ नाव पडले होते, ते आखूड धाग्याच्या कापसाचे नाव म्हणून राहिले. दोष शेतकऱ्याचा नव्हता. धागा मोजण्याचे साधन व्यापाऱ्याच्या बाजूला होते, शेताच्या बाजूला नव्हते.

नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव जागा सांगते. या वर्षीचे, या बागेतले फळ किती गोड हे सांगत नाही. आणि नागपुरी संत्रा ही एकच जात असली तरी तिची चव एक नाही. आंबिया बहराचे फळ पावसाळ्यात वाढते आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघते. मृग बहराचे हिवाळा पाहून फेब्रुवारीनंतर निघते. दोहोंच्या साखर-आंबटात फरक पडतो हे खाणाराही जाणतो. खुंटाचेही तसेच. जंबेरीवरचे झाड जोमदार वाढते व फळ भरपूर देते, पण जंबेरीसारख्या जोमदार खुंटांवर रस किंचित फिका उतरतो असा जगभरच्या लिंबूवर्गीय बागांचा अनुभव आहे. रंगपूर लाईमवर काय होते, ते ज्यांच्या बागेत दोन्ही खुंट आहेत त्यांनी आपल्याच झाडांवर मोजावे. रंगाच्या बाबतीत तर डोळा सरळ फसतो. साल पिवळी-केशरी होण्यास रात्रीचा गारवा लागतो. ऑक्टोबरात रात्री उबदार असल्या तर आत गोड झालेले फळही बाहेरून हिरवे राहते, आणि केवळ हिरवे दिसते म्हणून त्याचा भाव पडतो. येथे व्यापाऱ्याला दाखविण्यास ब्रिक्सचा आकडा असता तर?

नुसती साखर मोजूनही भागत नाही, हे द्राक्षवाल्यांनी दाखवून दिले आहे. समजा दोन बागांतील संत्र्याचा रस दहा-दहा ब्रिक्सचा आहे. एकात आम्ल अर्धा टक्का, दुसऱ्यात एक टक्का. पहिल्यात साखर आम्लाच्या वीसपट, दुसऱ्यात दहापट. साखर तितकीच, पण पहिले फळ मुलेही मागून खातील आणि दुसरे पाहुण्याच्या तोंडातून ‘जरा आंबट आहे’ असे उद्गार काढील. रसाच्या कारखान्याला मात्र कदाचित दुसरेच अधिक उपयोगी पडेल, कारण आंबटपणा असला तर रसाला धार राहते. तेव्हा कोणते फळ चांगले, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ते कोणासाठी, हे अगोदर ठरवावे लागते. बांगलादेशाने संत्र्यावरील आयातशुल्क वाढविल्यापासून एका मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबलेल्या या पट्ट्याला दुसरी गिऱ्हाइके शोधणे भाग पडले आहे. नवे गिऱ्हाईक जुन्या ओळखीवर माल घेत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याला यासाठी मोठी योजना लागत नाही. गावात किंवा गटात मिळून एक हाताचा रिफ्रॅक्टोमीटर असावा. तो काही ट्रॅक्टरच्या किमतीचा नाही. प्रथम काचेवर स्वच्छ, शक्यतो ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब ठेवून आकडा शून्यावर येतो की नाही ते पाहावे. न आल्यास स्क्रूने आणावा. काच मऊ फडक्याने पुसावी. फळे निवडताना एकाच झाडाच्या चारही दिशांची, उन्हाकडची आणि आतल्या सावलीतली, अशी घ्यावीत. सावलीतले फळ बहुधा फिके निघते, आणि एकाच संत्र्यातही देठाकडचा भाग खालच्या टोकापेक्षा कमी गोड असतो, म्हणून सबंध फळाचा रस काढून मिसळावा. दुपारच्या कडक उन्हात तापलेल्या रसावर आकडा चुकतो. सकाळी सावलीत मोजावे. आम्ल मोजण्याचे काम थोडे नाजूक आहे. त्यासाठी कृषी महाविद्यालयाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेची मदत घ्यावी, अथवा माध्यमिक शाळेच्या विज्ञानशिक्षकास विनंती करावी. दाहक सोड्याचे ठराविक ताकदीचे द्रावण आणि फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब एवढ्यावर ते होते, रसाला टिकणारी फिकी गुलाबी छटा आली की थांबावयाचे. मुलांना दाखवूनच हा प्रयोग केला तर उत्तम.

वहीत झाडाचा क्रमांक, खुंट, बहर, तारीख, ब्रिक्स आणि आम्ल असे सहा रकाने पुरेत. पहिल्या वर्षी वीस झाडे धरावीत, त्यांत काही जुनी, काही नवी, काही विहिरीजवळची, काही बरडाकडची. आंबियाच्या फळांसाठी सप्टेंबरच्या अखेरीपासून दर आठवड्याला नोंद घेतली तर गोडी कोणत्या आठवड्यात भरते आणि कोणत्या झाडांवर आधी, हे सौदा करणारा व्यापारी बागेत पाऊल टाकण्यापूर्वी शेतकऱ्याच्या हाती असेल.